फुली मारलेलं अंडं

जबाब देणार: घरीदारी ‘काडेपेटी’ म्हणतात तोच मी. वय २०. धंदा: कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडले, सध्या मोठ्या भावाच्या सायकल दुकानात. राहणार: पाण्याच्या टाकीमागची गल्ली, शेवटून दुसरे घर. शेवटचे घर तक्रारदार टेलरकाकांचे.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगतो की, सगळे बिघडले ते रविवारच्या धक्काबुक्कीत नव्हे. ते त्याच्या एकोणीस दिवस आधी, मंगळवारी सकाळी पावणेआठला, मी पेन्सिलीला टोक काढले तेव्हा बिघडले.

काकांच्या मुलीने परसातल्या जळणाच्या खोलीत पाच कोंबड्या पाळल्या आहेत. आई गेल्यापासून घरात ती आणि काकाच. काका दिवसभर दुकानात, म्हणून तिला लांब मावशीकडे ठेवायचे त्यांनी ठरवले होते. ती म्हणाली, मी इथेच राहून कोंबड्या वाढवते. त्यावर काका म्हणाले, “एकदा पिल्लं काढून दाखव. निघाली तर राहा, नाही तर मावशी.” हे भिंतीअलीकडून मी स्वतः ऐकले आहे.

तिची तांबडी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायचे सोडून नुसती बसून राहिली. पण त्यांच्याकडे कोंबडा नाही, आणि कोंबड्याशिवायच्या अंड्यातून पिल्लू निघत नाही. आमच्याकडे कोंबडा आहे. तिने भिंतीवरून बारा अंडी मागितली. म्हणाली, “प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मार. बाकीच्या भवान्या तिच्याखाली घालून जातात, मग जुनं कुठलं नि नवं कुठलं कळत नाही.” मी बरं म्हटले.

मी फुल्या मारल्या नाहीत. एकेका अंड्यावर एकेक शब्द लिहिला. अकरा शब्द असे: तू मावशीकडे गेलीस तर मी पण इथे राहणार नाही खरंच सांगतो. बारावे उरले, त्यावर फुली मारली. हे तोंडाने सांगता येत नव्हते का, असे हवालदारसाहेबांनी विचारले. येत नव्हते.

सातव्या दिवशी तिने अंडी अंधारात टॉर्चवर धरून पाहिली. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी म्हणाली, “तुझं ‘खरंच’ पोकळ निघालं. बाकीची अकरा भरलीत.” मी विचारले, वाचलंस का. म्हणाली, “काय वाचायचं? तांबडी रोज उलटीपालटी करते. काल ‘नाही’च पहिलं आलं होतं.” मी म्हटले, मग पुसून टाक. “टाकते,” म्हणाली. तिने पुसली नाहीत. का, ते मला ठाऊक नाही. तो तिचा जबाब आहे, माझा नाही.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास काका कधी नव्हे ते कोंबड्यांना पाणी ठेवायला गेले. तांबडी तेवढ्यापुरती दाण्याला उठली होती. त्यांनी शब्द वाचले. पळून जायचा बेत आहे असे त्यांना वाटले. मी आमच्या परसात दात घासत होतो. शब्दांची उरलेली दहाही अंडी त्यांनी टोपलीत घेतली आणि “घे, तुझा माल तुला” म्हणत टोपली भिंतीवरून आमच्या धुण्याच्या दगडावर उपडी केली. एकोणीस दिवसांचे अंडे म्हणजे अंडे नसते. दोन हलत होती. त्यापुढचे लिहून घेऊ नये.

मी भिंत चढून गेलो आणि काकांना ढकलले. ते पायरीवर पडले, चष्मा फुटला, उजव्या हाताचे बोट दुखावले. मला नाकबूल नाही. ती दारात उभी होती. मला वाटले ती काकांना काही बोलेल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “फुलीच मारायला सांगितली होती ना.” आणि बापाला उठवायला वाकली.

सोमवारी सकाळी सातच्या गाडीने तिला मावशीकडे पाठवले. त्या वेळी मी दुकानात पंक्चरची ट्यूब पाण्यात धरून बसलो होतो.

फुलीच्या अंड्यावर शब्द नव्हता म्हणून काकांनी ते फेकले नव्हते. तांबडी त्या एकावरच बसून होती. मंगळवारी, एकविसाव्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला मी न विचारता त्यांच्या परसात गेलो. हाही गुन्हा असेल तर लिहावा. काका जळणाच्या खोलीत उकिडवे बसले होते. बोटाला पट्टी, हातात दाण्याची वाटी.

“ही उठतच नाही रे,” म्हणाले.

“आज उठणार नाही.”

अंड्यात टकटक चालली होती. दोघेही बसून राहिलो. पावणेसातला फुलीच्या बाजूने टरफल उघडले.

“आता काय करायचं असतं?”

“हात लावायचा नाही. अंग वाळू द्यायचं. उद्या उथळ बशीत पाणी ठेवा, बुडेल इतकं नको.”

त्यांनी दाण्याची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, “एक निघालं, म्हणजे निघाली असं म्हणायचं का?”

“मला विचारू नका, काका. जिला विचारायचं तिचा पत्ता तुमच्याकडे आहे.”

त्यांनी पत्ता सांगितला नाही, मी मागितला नाही. तक्रारीचे दोघांनीही काढले नाही. वारा गार सुटला होता. पिल्लू ओले होते. मी बाहेर आलो आणि काका आत असतानाच दार ओढून घेतले.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. अंड्यांवरचे अकरा शब्द त्यात ओळीने आले आहेत. तसे ते याआधी कोणी वाचलेले नव्हते. बरोबर आहे म्हणून खाली सही करतो.