पाठ करून उभा राहणारा

योगराजचा तो माणसाएवढा चेलो, ते मोठं व्हायोलिन, पायऱ्या चढवून आणायला चार जण धावले. माझ्या लेकाची, निंबाची चाकाची खुर्ची चढवायला एकही मिळाला नाही. ज्याचा सत्कार, त्याचा बाप खाली उभ्या गाड्यांमध्ये बसलाय. हे आधी बोलले. आता रीतीचं बोलते.

अध्यक्ष लोटनभाऊ, स्टेजवरची मोठी मंडळी आणि जळगावच्या भावा-बहिणींनो, मी शेवंताबाई, योगराजची आजी. उद्या तो कायमचा परदेशी जातोय, तिथल्या मोठ्या ऑर्केस्ट्राचा मुख्य व्हायला. त्याचं वाजवणं मला कळत नाही. अडलेली म्हैस हंबरावी तसा आवाज येतो. पण पोटात लागतो, खोटं का बोलू?

पहिल्यांदा त्याला काडी घेऊन वादकांपुढे पाहिलं तेव्हा म्हटलं, "मेल्या, लोकांकडे पाठ करून उभा राहतोस?"

म्हणाला, "आजी, वाजवणाऱ्यांकडे तोंड लागतं. बाबा नाही का उलटे चालायचे?"

खरंच. निंबा चोपड्याचा बॅन्डमास्तर. वरातीपुढे उलटा चालायचा, तोंड बॅन्डकडे. एका वरातीत त्याच्या पाठीमागून जीप आली. वाजवणाऱ्यांना दिसली. पण सगळ्यांच्या तोंडात पिपाण्या; ओरडणार कोण? तोंड मोकळं एकाचंच होतं. ताशावर योगराज होता.

त्याचा आवाज फुटला नाही. जीपखाली निंबाची कंबर गेली ती गेलीच. शुद्धीवर आल्यावर पोराला म्हणाला, "बठ्ठं ठीक शे," सगळं ठीकच म्हणे. पोराने ताशा टाकला तो टाकलाच, पुढे चेलो धरला. त्यावरून मी त्याला कधी बोलले नाही, आजही बोलत नाही. पोरसवदा होता, थिजला.

पण मघाशी चहा पिताना लोटनभाऊ मला सांगतात, योगराजने निंबाची सोय धुळ्याच्या आश्रमात केलीय, परवा गाडी येईल. भाऊ, तुमचा दोष नाही, त्याने तुम्हाला बोलायला लावलं. मी विचारलं, निंबाला माहीत आहे का? तुम्ही बिस्कीट बुडवत राहिलात. आणि निंबा सकाळपासून मला एकच विचारतोय, "माय, हा गेल्यावर माले कोण उचली?"

शाल दिलीत, नारळ दिलात, उपकार झाले. माझ्या तोंडाला शाळा नाही. कमी-जास्त निघालं असेल तर पोटात घाला. आणि भाऊ, आता तुम्ही माइकपाशी येऊ नका. मलाही कोणी काही सांगू नका. योगराज, पायऱ्या उतर. बापाकडे तोंड करून उभा राहा. आजही तुझ्या तोंडात काही नाही. त्याला कोण उचलणार, याचं उत्तर तू द्यायचं.