ब्रेक आहे

सून : नाही म्हणजे नाही, आई! त्या दवाखान्याची पायरी मी परत चढणार नाही. बाळंतपण इथेच, घरात, तुमच्या हातचं.

सासू : अगं, पण तुझ्या नवऱ्याने तिथे नाव घातलंय ना?

सून : त्यांचं काय जातंय नाव घालायला? टेबलावर आडवी मी होते, ते बाहेर मोबाईल बघत होते.

सासू : बापावर गेलाय. पण झालं काय एवढं? मारलं का कुणी?

सून : मारलं असतं तर निदान दोन शब्द बोलल्या तरी असत्या! एक पोट दाबतेय, दुसरी लिहितेय, तिसरी स्वतःच्या नणंदेची गाऱ्हाणी सांगतेय. माझ्याशी कुणी चकार शब्द काढला नाही. दुकानात मी गिऱ्हाइकाचं माप घेते, तर आधी विचारते की बाई, सैल हवं की अंगाबरोबर. इथे माझंच पोट, आणि मलाच पत्ता नाही.

सासू : मग?

सून : मग पोट दाबणारी त्या दुसरीला म्हणाली, ब्रेक आहे. मला वाटलं, चहाची सुट्टी झाली. उठले, कपडे नीट केले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. सुट्टी काही संपेचना. शेवटी झाडूवाली म्हणाली, अहो ताई, आता बंद झालं.

सासू : अगं बाई! चहाला गेल्या त्या गेल्याच?

सून : हसा तुम्ही. म्हणून म्हणते, तुम्ही सुईण, मी सुईवाली. घरातल्या घरात उरकून टाकू.

सासू : जिभेला हाड नाही तुझ्या. पण खरं सांगू? बरं वाटलं मला. हल्ली कोण विचारतं सुईणीला? बाया येतात, पाठ चोळून घेतात, आणि वेळ आली की गाडीत बसून दवाखान्यात. आणि घरची सूनच म्हणतेय, तुमच्या हातचं... ये, पड इथे. बघू तरी माझा नातू काय म्हणतोय.

सून : नातू कशावरून? नात असेल.

सासू : असेना! गुडघे दुमड. दुखलं तर बोल... अं?

सून : काय झालं?

सासू : थांब जरा. श्वास सोड. हा बरगडीखालचा टणक गोळा कधीपासून लागतोय?

सून : बरेच दिवस झाले. बूड असेल ना ते?

सासू : नाही गं. बूड हलवलं तर अख्खं अंग हलतं, हे एकटंच डुलतंय. डोकं आहे ते. पोरी, बाळ पायाळू आहे तुझं.

सून : उलटं?

सासू : डोकं वर, पाय खाली. नीट आठव, ती बाई ब्रेकच म्हणाली?

सून : ब्रेक... ब्रीक... ब्रीच! ब्रीच म्हणाली वाटतं. म्हणजे ते चहाचं नव्हतं?

सासू : तो शब्द काही मला ठाऊक नाही. पण बाईच्या पोटावर हात ठेवून कुणी चहाची सुट्टी सांगत नाही. ऊठ. उद्या सकाळी दवाखाना.

सून : तुम्हीसुद्धा? आत्ताच म्हणालात ना, बरं वाटलं?

सासू : अजूनही वाटतंय. पण माझ्या बरं वाटण्यापायी तुझा जीव टांगणीला लावू? अंग बाहेर आलं आणि डोकं अडकलं, तर माझ्याकडे नुसते दोन हात. तिथे भूल आहे, रक्त आहे, टाके आहेत.

सून : आणि तोंडाला टाके घातलेल्या बायका आहेत.

सासू : मग उसव. तुझीच विद्या ना ती?

सून : आणि नाहीच उसवले तर?

सासू : तर नदीपलीकडचा दवाखाना. लांब आहे, पण आहे. घरी मात्र नाही, त्यात घासाघीस नको.

सून : मला भीती वाटतेय, आई.

सासू : मलाही वाटतेय.

सून : ठीक आहे, जाऊ. पण तिथे बोलणार मी. तुम्ही मध्ये पडायचं नाही.

सासू : तोंडाला कुलूप लावते, मग तर झालं?

(दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्यातली तपासणीची खोली.)

डॉक्टरीण : तुम्हीच ना गेल्या खेपेला अर्ध्यातून उठून गेलात? असं करतात का? आजी, तुम्ही बाहेर थांबा.

सून : या माझ्या सासूबाई, आणि त्या इथेच थांबतील. मी पळून गेले नव्हते, डॉक्टर. तुम्ही ब्रीच म्हणालात, मला ब्रेक ऐकू आलं. बाहेर बसून तुमचा चहा संपायची वाट बघत होते मी.

डॉक्टरीण : चहा? अरे देवा! आम्हाला वाटलं, कंटाळून गेलात. पुढची बाई आत घेतली.

सासू : इथे चहा प्यायलाच कुणाला सवड दिसत नाही.

सून : आई, कुलूप.

सासू : लावलं, लावलं.

डॉक्टरीण : चुकलंच माझं. तुम्हाला सांगायला हवं होतं. ब्रीच म्हणजे बाळ पायाकडून आहे.

सून : ते घरी कळलं. पुढचं सांगा. फिरेल का?

डॉक्टरीण : फिरू शकतं. पोटावरून हाताने फिरवून बघता येतं, सोनोग्राफी करून, ऑपरेशनची तयारी ठेवून. नाहीच फिरलं तर ऑपरेशन.

सून : फिरवताना दुखेल?

डॉक्टरीण : दुखेल. तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबेन.

सून : म्हणजे तुम्हीच असाल?

डॉक्टरीण : फिरवताना मीच. बाळंतपणाचं वचन नाही देता येत, ज्याची ड्यूटी असेल तो. पण जो असेल त्याला तुमचं सगळं आधी सांगून ठेवीन.

सासू : हं. खोटा शब्द तरी देत नाही बाई.

डॉक्टरीण : मग बाळंतपण इथेच ना? तसं कळवायला हवं मला.

सून : नदीपलीकडेही दवाखाना आहे.

डॉक्टरीण : आहे. चांगला आहे.

सून : मग आधी तपासा. कुठे ते नंतर सांगते.

डॉक्टरीण : बरं... हात लावू?