कापलेला समास

बाई : तुम्ही उलटं धरलंय. आमचं पुस्तक उजवीकडून उघडतं.

बाइंडर : तरीच म्हटलं, पहिल्याच पानावर मजकूर संपतोय कसा. काही बिघडलं का? टाके तर पक्के आहेत. तुमचा भाचा म्हणाला होता, आत्याला भेट द्यायचीय, नव्यासारखं करा.

बाई : नव्यासारखंच झालंय. म्हणून तर आले. हे पान बघा. कडेची बारीक अक्षरं दिसतात?

बाइंडर : दिसतात की, सगळीकडेच आहेत. भाचा म्हणाला रब्बींचं पुस्तक आहे, मी आपलं रब्बी-खरीप समजलो. म्हटलं शेतीचं असेल, कुणीतरी कडेला गिचमिड केलीय.

बाई : रब्बी म्हणजे आमचे धर्मगुरू. माझे वडील. हे आमचं यहुदी धर्मशास्त्र, आणि ती गिचमिड म्हणजे त्यांच्या चाळीस वर्षांच्या टिपा. ह्या पानावरच्या ओळींचे शेवट कुठे गेले, मास्तर?

बाइंडर : समास उतरवला मी. कडा कुरतडलेल्या होत्या, तांबूस पडलेल्या. मशीनखाली घातलं आणि बोटभर कापलं. सगळे बाइंडर तसंच करतात, बाई. पुस्तक चौकोनी दिसायला नको?

बाई : आमची ओळ उजवीकडून सुरू होते. ह्या पानावर ती मजकुराला लागून निघते आणि कडेला संपते. तुम्ही नेमका शेवट कापलात. एकदा विचारायचं तरी होतं.

बाइंडर : विचारायला हवं होतं. वाचता येत नाही हे कुठे कबूल करा, म्हणून गप्प बसलो. पण घरात इतकी वर्षं होतं, कुणी वाचलं असेलच ना?

बाई : भावाने कपाटात कुलूप घालून ठेवलं होतं. तो मागच्या महिन्यात गेला. मला हे काल मिळालं. एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा हातात घेतलं आणि सरळ ह्या पानावर आले.

बाइंडर : ह्या पानावर एवढं काय आहे?

बाई : नवरा बेपत्ता झालेल्या बाईचा कायदा. मेल्याची साक्ष मिळाली नाही तर ती विधवा नाही, आणि दुसरं लग्नही नाही. बांधलेली म्हणतात तिला. माझा नवरा बोटीवर होता. बोट बुडाली. ना माणूस आला, ना प्रेत. मी तेवीस वर्षांची.

बाइंडर : आणि निवाडा द्यायचा खुद्द वडिलांनी.

बाई : पुढे एका घड्याळजीने मला मागणी घातली. वडील म्हणाले, माझ्यासमोर येऊन बस, रीतसर प्रश्न विचार, मग पुस्तक उघडतो. न विचारता दिलेला निवाडा हा निवाडाच नसतो, आणि स्वतःच्या लेकीला तसा दिला तर लोक काय म्हणतील. मला राग आला. बापाला प्रश्न विचारायचा? त्याला डोळे नाहीत? मी म्हटलं, मला तुमचा निवाडा नकोच.

बाइंडर : आणि घड्याळजी?

बाई : नऊ वर्षं थांबला. मग गेला कुठेतरी. त्याचं बरोबरच होतं.

बाइंडर : इथे काय वाचता येतंय?

बाई : "दोन खलाशी शोधून काढले. दोघांनी त्याला बुडताना पाहिलं. माझी मुलगी..." आणि पुढे तुमचं मशीन. खाली, "मात्र तिने..." आणि परत मशीन. तारीख उरलीय. घड्याळजी गेला त्याच्या चार महिने आधीची.

बाइंडर : म्हणजे न विचारताच पुस्तक उघडलं होतं त्यांनी.

बाई : उघडलं होतं. पण मोकळी म्हणाले की बांधलेली, ते त्या बोटभर कागदात गेलं. कातरण कुठाय?

बाइंडर : रद्दीवाल्याने नेली, गेल्या आठवड्यात. थांबा. ह्याच पानाला मागून, कडेला, कागद चिकटवलेला होता का? पुन्हापुन्हा उघडून फाटल्यावर लावतात तसा?

बाई : हो, इथे थोडा उरलाय.

बाइंडर : मग ती पट्टी रद्दीत गेलेली नाही. एकच जाड निघाली होती, ती मी ह्याच पुस्तकाच्या कण्याला आतून लावली. बाहेरचा कागद फुगतो, म्हणून आमच्यात म्हणतात, ज्याचं त्यालाच. कणा सोडवावा लागेल. सोडवू?

बाई : सोडवा.

(बाइंडर कणा उकलून त्यावर कोमट पाण्यात भिजवलेलं कापड ठेवतो. खळ सुटायला वेळ लागतो.)

बाइंडर : आली. शाई पसरली नाही, नशीब. अशी धरू?

बाई : जरा वर. ओळीला ओळ लावा. हां.

बाइंडर : काय आहे?

बाई : "माझी मुलगी मोकळी आहे."

बाइंडर : सुटलात, बाई. बरं झालं.

बाई : खालची ओळ लावा.

बाइंडर : ही घ्या.

बाई : "मात्र तिने अजून विचारलेलं नाही."

बाइंडर : एवढंच?

बाई : एवढंच. मेल्या माणसावर रागावताही येत नाही धड. त्यांनी दोन पावलं स्वयंपाकघराकडे टाकली असती तर. मी दोन पावलं बाहेर आले असते तर. हट्ट मात्र मी त्यांचाच उचलला.

बाइंडर : पट्टी परत जागेवर चिकटवून देतो. सांधा दिसेल थोडा.

बाई : दिसू दे. मास्तर, त्यांच्या टेबलासमोर एक खुर्ची असायची. प्रश्न घेऊन येणारे तिच्यावर बसायचे. गावातले बहुतेक सगळे कधी ना कधी बसून गेले असतील.

बाइंडर : तुम्ही कधीच नाही बसलात?

बाई : नाही. रोज सकाळी फडक्याने पुसायचे मी ती.