सोनाटा संपेपर्यंत मौन

…नाही, पण मी म्हणते, फ्रिज बंद करायचा तर करा, भिंतीवरचं घड्याळ चादरीत गुंडाळून कपाटात कोंबायचं तर कोंबा, पण माणसानं श्वास कुठे नेऊन ठेवायचा? आणि त्यात मला मौन! कुणी लादलेलं नाही हो, माझं मीच धरलेलं. देवाला सांगितलं, लेकीचा सोनाटा नीट रेकॉर्ड होऊ दे, तो संपेपर्यंत तोंडातून अक्षर काढणार नाही. देव मनात म्हणाला असेल, बघू या, जमतंय का बाईला!

तुम्हाला सांगते, थोरलीला वाद्यवृंदातून कमी केलं त्याला वर्ष झालं. वर्षभर व्हायोलिनची पेटी पलंगाखाली. विचारलं की, "आई, नको ना." बस्स, एवढंच. आणि आता जुनं संगीत वाजवणाऱ्या एका मंडळीचा निरोप आला, संध्याकाळपर्यंत रेकॉर्डिंग पाठवा, आवडलं तर घेऊ. आणि नाही आवडलं तर? पेटी पुन्हा आत जाणार आणि परत बाहेर निघायची नाही, एवढं आईला कळत नाही होय?

म्हणून बैठकीच्या खोलीत तो रेकॉर्डिंगवाला. खिडक्यांना आमच्याच गाद्या टेकवलेल्या. मला समजावतो, "काकू, हा सोनाटा तीनशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा तारा सैल लावायचे, म्हणून सगळंच अर्धा स्वर खाली." अहो, मुळात जी मायनर, म्हणजे आधीच रडवे सूर, त्यात आणखी अर्धा स्वर खाली! माझी पोर वर्षभर खालीच बसलीये, तिला अजून किती खाली नेता? विचारणारच होते… पण मला मौन!

पहिला भाग संथ. नुसतं व्हायोलिन, साथीला कुणी नाही. आणि ही वाजवते कशी, तर गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी! रेकॉर्डिंगवाला थांबवतो, "ताई, हा शोक आहे, तुम्ही बस पकडताय." पुन्हा सुरू, पुन्हा तीच घाई. तेवढ्यात आमचे हे दारातून डोकावले, "वेळ कमी आहे ना, मग भरभर वाजवलं तर बिघडलं काय?" धन्य! मी हातानं खुणावलं, जा. हे पाण्याचा तांब्या घेऊन आले! पुन्हा खुणावलं, तर खुर्ची आणली, ती फरशीवर घासत… गेलं ते रेकॉर्डिंगही! काय बोलणार? मला मौन!

आणि मग लेकीनं गज खाली ठेवला. "आई, मला नाही जमायचं."

जीभ दातांखाली धरली हो मी. नुसती उठले, तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. तिनं एक लांब श्वास घेतला… मी बाजूला झाले, आणि तिनं गज उचलला.

काय सांगू! एकेक सूर असा सावकाश, जसं घर सोडताना माणूस एकेक वस्तू हातात घेऊन बघतं. त्या "नको ना"च्या मागे वर्षभर दडवलेलं सगळं बाहेर आलं. शेवटचा सूर लांबत लांबत थांबला… शांत. मला वाटलं, संपलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "पुरे गं बाळा, पुरे!"

संपलं कुठे होतं! सोनाट्यात म्हणे असंच असतं, संथ भाग अधांतरी सोडायचा आणि तिथूनच धावता भाग उचलायचा. हे आधी सांगायला काय झालं होतं कुणाला? रेकॉर्डिंगवाल्यानं कपाळाला हात लावला. पण पोर थांबली नाही! एकदा माझ्याकडे बघितलं आणि तिथूनच जी सुटली… अहो, तेच रडवे सूर, पण पायांत वारं भरल्यासारखे!

नंतर तो म्हणतो, "काकू, सूर विरत होता त्याच्यावरच बोललात. कापता येत नाही." लेक म्हणाली, "असू दे. पुन्हा असं यायचं नाही." आणि पाठवलं, माझ्यासकट!

उत्तर येईपर्यंत देवापुढे हात जोडत होते. नवस मोडला तो मोडला, वर पोरीच्या आयुष्यात नाक खुपसलं त्याचा पुरावाही मीच देऊन ठेवला!

घेतलं हो तिला. लांबच्या शहरात. परवा गेली. देवानं ऐकलं, माझी काही तक्रार नाही… आता दिवसभर घरात कितीही बोलले, तरी कुणाचं काही बिघडत नाही.