नरेशच्या डाव्या बाजूची खुर्ची

बेस गिटार म्हणजे गाण्याचा पाया, अन् पाया खचला का अख्खी इमारत खाली येते, हे पहिले लिहून घ्या. हे माह्या तोंडचं नाही. आमच्या शालूताई दर कार्यक्रमात माझी ओळख करून देताना माइकवर असंच म्हणतात, अन् लोक टाळ्याही वाजवतात. आता तुमच्यापासून काय लपवू, पहिले दोन महिने मी आवाजाचं बटन शून्यावर ठेवूनच वाजवलं, नुसती बोटं हलवत होतो. कोणाले काही समजलं नाही, अन् इमारत बी कोणतीच पडली नाही.

मी लाखनीच्या इकडचाच, मोठ्या रस्त्यापासून दोन कोस आत आमचं गाव. बाप दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवण्याले जाय, माय बी जाय, अन् दोघंही म्हणत का पोरा तू तरी शिक. मी दहावीपर्यंत शिकलो, मंग लाखनीच्या राइस मिलात हमालीले लागलो. अंगानं मी पहिल्यापासून उंच, म्हणून मिलात मले नावच उंच्या. ए उंच्या, पोतं उचल. ए उंच्या, सरक तिकडे. भाऊराव हे नाव तिथं कोणाले माहीत असन असं मले वाटत नाही. मिलात बसाले खुर्ची एकच, ती मुनिमाची, अन् मुनीम महिनाभर सुट्टीवर गेला तरी तिच्यावर कोणी बसे ना. खुर्चीचं ध्यानात ठेवा, पुढं लागते.

शालूताई म्हणजे आमच्या गावची सून, भीमगीतांची पार्टी होती तिची, जयंतीच्या महिन्यात तर तिले पाणी प्याले फुरसत नसे. मी सुट्टीच्या दिवशी स्पीकरच्या पेट्या उचलाले सोबत जाय. अशात भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले, गोंदिया वेगळा निघाला. सरकारनं कागदावर केलं, पण आमच्या पार्टीनं मनावर घेतलं. तिकडच्या गावचे वाजवणारे म्हणे, आता आमचा जिल्हा वेगळा तर आमची पार्टी बी वेगळी. बेसवाला तिकडे गेला अन् बेस गिटार इकडेच राहिली, काहून का ती ताईच्या पलंगाखाली होती. मंग ताई म्हणे, कोण वाजवते हे? आता त्या गिटारीच्या पट्ट्याचं बक्कल जंगून अडकलेलं, पट्टा लांबही होत नव्हता अन् आखूडही होत नव्हता, अन् आधीचा बेसवाला होता माह्यापेक्षा चार बोटं उंच. ज्यानं त्यानं गळ्यात घालून पाहिली, सगळ्याईच्या गुडघ्यावर लोंबे. माह्या पोटाशी बरोबर आली. ताई म्हणे, झालं, भाऊराव वाजवते. एवढीच माझी परीक्षा, काय सांगू तुम्हाले.

स्टेजवर कीबोर्डवाला नरेश बसे, अन् त्याच्या डाव्या बाजूले बेसवाल्याची खुर्ची. पहिल्या दिवशी मी त्या खुर्चीवर बसलो तर एक पोरगी चहा घेऊन आली, म्हणे, घ्या भाऊ. मिलात ए उंच्या, अन् इथं घ्या भाऊ. त्या खुर्चीसाठी मी काहीही केलं असतं, अन् केलंही.

शिकवणारा तर कोणी नव्हता. मी काय केलं, नरेशचा डावा हात पाहणं सुरू केलं. त्याची करंगळी ज्या पट्टीवर पडे, तोच सूर मी माह्या तारेवर दाबी. गिटारीच्या मानेवर घरं असतात, कोणतं घर कोणत्या पट्टीचं हे ध्यानात राहावं म्हणून सुनंदाच्या, म्हणजे माह्या बायकोच्या टिकल्या लावल्या, पांढऱ्या पट्टीले लाल टिकली, काळीले हिरवी. नरेशचा हात पाहाचा, टिकली पाहाची, दाबाची. हे जमलं तेव्हा कुठी आवाजाचं बटन वर केलं. चार वर्षं असं वाजवलं मी, चार वर्षं, अन् कानाचं काही काम आहे हे माह्या मनातही आलं नाही.

मंग नरेशनं नागपुरातून नवा कीबोर्ड आणला, अन् सराव न करता सरळ लाखनीच्या एका लग्नात आणला, दुपारचं लग्न होतं. ताईचा सूर काळी दोन, म्हणजे हार्मोनियमची दुसरी काळी पट्टी. पण या नव्या कीबोर्डले एक बटन होतं, ते तीनदा दाबलं का हात सोप्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायचा अन् आवाज निघायचा काळी दोनचा. नरेशले सोपं झालं. मले कोणी सांगितलं नाही. मी आपला त्याचा हात पाहिला, पांढरी एक, लाल टिकली, दाबली, अन् जे काही निघालं ते काय सांगू. ताई काळी दोनमध्ये गाऊन राहिली अन् मी तीन घरं खाली घुमून राहिलो. मले वाटलं तार उतरली. गाणं चालू असतानाच मी खुंटी पिळली, ते आणखी बिघडलं. ताईनं एकदा मागं पाहिलं, दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी होतं, अन् ते गाण्याच्या भावानं नव्हतं.

खाली उतरल्यावर नरेश म्हणे, ताई, या कीबोर्डात डाव्या हातानंच बेस निघते, बटन आहे त्याचं. ही बेसच्या स्पीकरची पेटी कायले वाहाची, ती नसली का गाडीत एक माणूस जास्तीचा बसते. माह्यासमोरच म्हणे. ताईनं माइकची वायर गुंडाळली. मंग म्हणे, भाऊराव, पुढच्या महिन्यात सानगडीले विहाराचं उद्घाटन आहे, दुपारचा मोठा कार्यक्रम आहे, तवरोक सुधरा, नाही तर गिटार माह्या पलंगाखाली आणून ठेवा. रागानं म्हटली असती तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हटली.

घरी आलो अन् सुनंदाले सांगितलं. ती हसली नाही हे विशेष, काहून का ती माह्यावर हसाची संधी सोडत नाही. तिनं घासलेट घेतलं, चिंधी घेतली, अन् एकेक टिकली काढून टाकली. मी म्हटलं, अवो हे काय करून राहिली, आता मले दिसन कसं? म्हणे, दिसाचं नाहीच ना, ऐकाचं आहे. मंग मी तिचा भाताचा गंज, म्हणजे पातेलं, घेतला अन् त्यात बेसच्या तारा उकळल्या, जुन्या तारा उकळल्या का मळ निघते अन् आवाज उघडते असं मले आधीच्या बेसवाल्यानं कधी सांगितलं होतं. तेव्हा मात्र ती बोलली. म्हणे, आज तारांचं सार आहे का जी, का सुकी भाजीच वाढू?

पण सूर कोणाचा धरू? घरी हार्मोनियम नाही. मिलात विचार करता करता माह्या ध्यानात आलं का हे इंजिन दिवसभर एकाच सुरात घुमून राहिलं आहे. तेव्हा लाइन, म्हणजे वीज, बम जात होती, डिझेल इंजिनावरच मिल चाले. जेवणाच्या सुट्टीत मी पोत्याआड गिटार घेऊन बसाचो. त्या आवाजात गिटार ऐकू येणं शक्यच नव्हतं, मंग मी तिचं वरचं शिंग, म्हणजे ते पुढं आलेलं लाकडाचं टोक, जबड्याले टेकवलं, अन् काय सांगू तुम्हाले, सूर हाडातून सरळ डोक्यात आला. बाहेर इंजिन, आत माही तार. दोन सूर जुळले नाही का डोक्यात असं थरथरे, जुळले का शांत. अन् इंजिन बी बेईमान, धान सोडलं का भारानं सूर खाली सरके, धान संपलं का वर चढे. डोळे मिटून मी त्याच्या मागं मागं फिराचो. पिकनं, म्हणजे तार छेडाच्या प्लास्टिकच्या तुकड्यानं, वाजवणं सोडून दिलं, पिकची टकटकच जास्त येत होती. अन् पोती उचलून बोटाची कातडी अशी झाली होती का तार लागली का नाही समजे ना, म्हणून अंगठ्याच्या कडेनं वाजवाले लागलो. हमाल पाहून जात. एकजण म्हणे, उंच्याले दातदुखी झाली वाटते.

पंधरा दिवसांनी ताईकडे सराव होता. मी छाती काढून गेलो, वाजवलं, अन् सगळ्याईनं कानावर हात ठेवले. झालं असं, मी गिटार लावली होती मिलाच्या सुरात, अन् मिलाचा सूर कीबोर्डाच्या कोणत्याच पट्टीवर नाही, दोन पट्ट्याईच्या मधात आहे. नरेश म्हणे, काय गा भाऊराव, धान कुटून राहिला का? सगळे हसले, ताई नाही हसली. ती म्हणे, आठ दिवस राहिले. मी तिथंच तारा नरेशच्या कीबोर्डासोबत मिळवल्या अन् घरी आलो. जेवलो नाही.

सानगडीचा दिवस. मांडव खचाखच, समोर बाया, मागं माणसं, अन् स्टेजवर पाहुणे. पाहुणे पत्रिकेत होते त्याच्यापेक्षा जास्त आले, अन् आलेल्या हरेकाले हार घालून झाल्यावर हरेकानं सांगितलं का मी जास्त वेळ घेणार नाही. आमचा नंबर लागेपर्यंत मी तारा दोनदा पुसून काढल्या. अन् गाणं सुरू होणार तेवढ्यात संयोजक आले, म्हणे, भाऊ, उठा जरा, साहेब आले, खुर्ची पाहिजे. माही खुर्ची, ज्याच्यासाठी महिनाभर जबडा सुजवला ती खुर्ची, उचलून नेली. मी उभा राहिलो, पट्टा गळ्यात घातला, अन् जागा नव्हती म्हणून माह्या स्पीकरच्या पेटीजवळ, पार दुसऱ्या टोकाले गेलो. तिथून नरेशचा हात दिसे ना. पाहाचं म्हटलं असतं तरी दिसला नसता.

पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्या गाण्यात ताई अंतऱ्यावर आली, अन् जनरेटरनं उचकी दिली. सगळं बंद. माइक बंद, कीबोर्ड बंद, माही पेटी बंद, नुसती ढोलकी चालू. दोन मात्रा असन, तीन असन, अन् आलं परत. माइक आला, माही पेटी आली, पण कीबोर्ड झोपेतून उठल्यासारखा वेळ घेते, तवरोक ताई, ढोलकी अन् मी. मंग नरेश आला, अन् तीन घरं खाली आला.

त्याचा हात जागेवरच होता, त्याले काय माहीत. त्यानं माह्याकडे पाहिलं. ढोलकीवाल्यानं माह्याकडे पाहिलं. बेसूर झालं का माह्याकडे पाहाचं अशी सवयच लागली होती सगळ्याईले. नरेशनं हातानं खूण केली, बंद कर, बंद कर.  चार वर्षं त्याचाच हात खरा मानला होता मी, अन् माहा अंगठा आपोआप थांबाले पाहे. मी गिटार वर ओढली, मान वाकवली, तिच्या शिंगावर जबडा टेकवला अन् डोळे मिटले. ताईचा सूर अन् माहा सूर, आत शांत होतं. थरथर जे होती ते बाहेरून येत होती. मी नाही थांबलो. जोरात वाजवलं. अन् डोळे उघडले तर ताई गाता गाता माह्याकडे सरकून राहिली होती, एक पाऊल, आणखी एक, अन् माह्या पेटीले पाठ लावून उभी राहिली अन् अख्खा अंतरा तिथूनच गायली. तेव्हा नरेशनं हात उचलला. कीबोर्डाच्या काचेवरचा आकडा पाहिला, अन् त्याचं तोंड उतरलं. बटन दाबलं, तीनदा. मंग आला तो बरोबर.

लोकाईले यातलं काहीच समजलं नाही. एक म्हातारे बाबा नंतर मले म्हणे, वाजवता वाजवता वाद्यापुढं मान झुकवली तुम्ही, अशी श्रद्धा आजकाल पाहाले मिळत नाही. मी जयभीम केला.

चहा घेताना नरेश बाजूले आला. म्हणे, जनरेटर बंद पडला तसं माहं बटन शून्यावर गेलं होतं गा. मी म्हटलं, होते असं, माहं बी दोन महिने शून्यावर होतं. त्याले ते समजलं नाही, मी सांगितलंही नाही, तुम्हालेच पहिले सांगून राहिलो. अन् ताईनं गाडीत बसताना सगळ्याईसमोर निकाल दिला, म्हणे, भाऊराव पार्टीतच राहतीन, अन् यापुढं माह्या मागं उभे राहून वाजवतीन, खुर्चीत बसले का मले त्याईचा सूर ऐकू येत नाही.

आता पोती उचलणं सुटलं, मिलाच्या फाटकावर बसतो. ते इंजिन बी गेलं, लाइनवर चालते सगळं, सराव घरीच करतो, सुनंदा भात टाकते तेव्हा. तारा दर वर्षी उकळतो, त्याच्यासाठी तिनं वेगळा गंज दिला आहे. ताईचा गळा उतरला, काळी एकवर आली, मी बी तिच्यासोबत उतरलो, जिथं ती तिथं मी. तुम्ही एवढं बसून ऐकलं, तुमच्या लेकराबाळाचं चांगलं होवो. गुडघे तेवढे दुखतात. माही खुर्ची अजूनही दर कार्यक्रमात नरेशच्या डाव्या बाजूले मांडतात, तिच्यावर तो कीबोर्डाची बॅग ठेवते.