सायलीचं व्हीपीएन

परवाचंच सांगते. आमच्या समोर नाशिकची सायली राहते, इथंच बेंगळुरूत हेब्बाळला नोकरी करते. घरातलं वायफाय घरमालकाचं, आणि घरमालक म्हणजे तिच्याच ऑफिसातला साहेब! ही गुपचूप पुण्यात नोकरी शोधतेय. साहेबाला कळू नये म्हणून व्हीपीएन घेणार होती. ते लावलं की आपण काय बघतो ते वायफायवाल्याला दिसत नाही म्हणे.

संध्याकाळी माझ्याकडे कॉफी पिताना म्हणाली, "काकू, एक फुकट मिळतंय. दुसरं पैसे घेतं, पण आपली कसलीही नोंद ठेवत नाही."

"अय्यो, फुकटचं नको ग! सुम्मने, उगाच कोण देतं? साहेबापासून लपवशील आणि त्या फुकटवाल्या कंपनीला सगळं दिसेल. आता माझंच बघ. रोज तुला फुकट कॉफी पाजते, तर तुझ्या सासूचं ऑपरेशन, नवऱ्याचा रुसवा, आणि आज ही पुण्याची नोकरी, सगळं कळलंच ना मला?"

तिनं कप खाली ठेवला. तिथंच बसून पैसेवालं घेऊन टाकलं. मग हळूच विचारलं, "काकू, तुम्ही नाही ना नोंद ठेवत?"

"छे ग! लिहून कशाला ठेवू? मला सगळं तोंडपाठ असतं."