जनीनं सांगितलं तेच मी लिवलं

मी दातिवऱ्याची. बापूस होडीवर जायचा, आय मासळी सुकवून पालघरच्या बाजारात विकायची, आनि आमी पाच भावंडं, त्यात मी मालन तिसरी. सातवीपर्यंत शिकले. आता तुमी हसाल, पन तवा आमच्या आळीत सातवी शिकलेली मुलगी म्हंजे लई झालं, लोक आपली पत्रं माज्याकडून वाचून घ्यायची. लगीन होऊन उमरोळीला आले. नवरा बोईसरला कारखान्यात हेल्पर, मानूस चांगला, फक्त बोलायचा कमी. आनि मी, काय सांगू तुमाला, मी बोलनारी. बाजारात आयच्या बाजूला बसून बसून मला सगळ्यांची बोली यायची, आमची किनाऱ्याची, डोंगरातल्या बायांची, नवऱ्याच्या जोडीदारांची हिंदी पन. तेच पुढं माज्या अंगाशी आलं.

बोईसरला तवा कारखाने नवे नवे उभे राहत होते, आनि मुलींना काम शिकवायचा एक वर्ग निघाला. विजेच्या मोटारीच्या आत तांब्याची तार गुंडाळतात ना, वायंडिंग, ते शिकवायचे. मी तिकडं शिपाई लागले. कुलूप उघडायचं, झाडू मारायचा, पानी भरायचं. पोरी यायच्या डोंगराकडच्या पाड्यांवरून, चालत, मग एसटी, मग परत चालत. सातवी पास असली की घ्यायचे. त्यातली एक जनी. तिचा हात असा बसलेला की मास्तर बोलायचे, हिच्या तारेचा एक वेढा कमी नाय की एक जास्ती नाय. जनीला बाप नव्हता. आय आनि धाकटी बहीन पारू, पावसावरची शेती, बाकीचे महिने तिघी वीटभट्टीवर. बोलायची, बाय, मला एकदा कारखान्यात लागू दे, मग मी आयला भट्टीवर जाऊ देनार नाय.

वर्ग संपला तवा मास्तरांनी मला चिठ्ठी दिली, बोलले, मालन, या चार पोरींना घेऊन कारखान्याच्या गेटवर जा. मी गेले, चार सकाळी गेले. ठेकेदार चिठ्ठी हातात पन घेईना. काम नहीं है, असं आमाला बोलायचा आनि आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या बाया आत घ्यायचा. चौथ्या दिवशी त्यानं जनीला इचारलं, कहाँ से आयी, तिनं पाड्याचं नाव सांगितलं तसा हसला, बोलला, ये जंगल के लोग, चार दिन में भाग जाते हैं. जनीला हिंदी येत नव्हती. मला इचारते, काय बोलला गं बाय. मी बोलले, काम नाय असं बोलला. पन हसनं तर सगळ्यांना कळतं ना.

वरसभरानं युनिवर्सिटीची मानसं आली. मुंबईला त्यांचं एक केंद्रच होतं, शाळा कशा चालतात, कामाचं शिक्षन घेतलेल्यांचं पुढं काय होतं, ते बघायचं आनि सरकारला सांगायचं, असं त्यांचं काम. त्यात एक मॅडम होत्या, चपला हातात घेऊन बांधावरून चालायच्या, कुनाच्या घरी पानी दिलं तर लगेच प्यायच्या. त्यांना पाड्यावरची बोली कळंना, म्हनून वर्गाच्या साहेबांनी मला त्यांच्यासंगं दिलं. मॅडमनी मला तीन दिवस बसवून शिकवलं. मालनताई, लोकांच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत, ते बोलतील तेच लिहायचं, आपल्याला काही वेगळं माहीत असलं तरी ते मधे आणायचं नाही. मला इतका अभिमान वाटला, तुमाला काय सांगू, शिपाईबाईच्या हातात कुनी पेन दिलं होतं.

तर फिरत फिरत मॅडम आनि मी जनीच्या घरी गेलो. कागदावर सवाल होता, शिकूनसुद्धा काम का मिळालं नाही. जनीनं आयकडं बघितलं, मग खाली बघितलं, आनि बोलली, माजं शिक्षन कमी पडलं, बाय. मी पेन धरून बसले. मी त्या गेटवर होते ना! मी बोलले, जनी, नीट आठव. तर बोलली, तेच लिव. मी लिवलं. बाकीच्या तिघी पन तेच बोलल्या, तेच लिवलं. मॅडमनी संध्याकाळी कागद बघितले, बोलल्या, किती स्वच्छ काम केलंस गं.

रिपोट झाला, वर गेला. आनि पुढच्या वर्सी वर्गाच्या दारावर कागद लागला, आता फक्त दहावी पास मुली घेनार. साहेब बोलले, युनिवर्सिटीनंच सांगितलंय, मुली सोता बोलल्यात शिक्षन कमी पडतं. आता मला सांगा, डोंगरातल्या पाड्यावर तवा दहावी पास पोर कुटं होती? दाराशी मीच बसायचे, परत पाठवायचं काम माजं. आनि एक दिवस कोन आलं, तर पारू, जनीची बहीन, सातवीचा दाखला पिशवीत घालून, तेल लावून वेनी घातलेली. मी तिला कागद वाचून दाखवला. ती रडली नाय, भांडली नाय. बोलली, मग मी जाते, मावशी. पाठमोरी गेली ती.

चार दिवसांनी जनी आली. माज्या घरात बसली नाय, उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून बोलली, बाय, तू होतीस ना गेटवर? मी बोलले, होते. मग तू का नाय लिवलंस? मी बोलले, तूच तसं सांगितलंस. तर जनी बोलली, त्या मॅडमच्या पुढं, आयच्या पुढं, आमाला हसून हाकललं असं मी माज्या तोंडानं सांगू? तुला तर ठाऊक होतं.

रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा कधी बोलायचा नाय, तो बोलला, जा, मॅडमना जाऊन सांग. मग गेले मुंबईला, पत्ता इचारत इचारत. मॅडमनी खुर्ची दिली, च्या दिला. मी सगळं सांगितलं, ठेकेदार, त्याचं हसनं, जनी, पारू. मॅडमनी कपाटातून रिपोट काढला, ते पान उघडलं, आनि चौघींची उत्तरं परत वाचली. मग बोलल्या, मालनताई, चूक तुझी नाही. त्या काय बोलतात ते आम्ही विचारलं. तुला काय माहीत आहे ते कुणी विचारलंच नाही. कारखान्याच्या गेटवर तर आमच्यातलं कुणी गेलंच नाही. मी बोलले, मॅडम, चूक कुनाची का असंना, पोर तर परत गेली.

तशा त्या खऱ्या बाई. महिन्याभरात पाड्यावर आल्या, या खेपेला कागद नाय, पेन नाय, जनीच्या आयच्या बाजूला बसून नाचनी निवडली. जनी दुपारपर्यंत गप. मग एकदम बोलली, आनि अशी बोलली की मला मॅडमना बोली बदलून सांगताना लाज वाटली, कारन त्या दिवशी ठेकेदार काय बोलला ते पन मला तिच्यापुढं खरं खरं सांगायला लागलं. जनी बोलली, मला वाटलंच होतं. मॅडम तिकडून सरळ गेटवर गेल्या, दोन आठवडे जात होत्या, सोताच्या डोळ्यांनी बघितलं, आनि नवीन रिपोट लिवला.

पन सरकारचं काम. दारावरचा कागद निघायला तीन वर्सं लागली. सातवीच्या पोरी परत यायला लागल्या, गेटवर मास्तर सोता त्यांच्यासंगं जायला लागले, काही लागल्या कामाला, सगळ्या नाय. पारूचं तवर लगीन झालं होतं, भट्टीवरच, तिकडं वसईच्या बाजूला. मी मॅडमना इचारलं, पारूचं काय.

आता मी घरीच असते. नवरा गेला, मुलगा बोईसरला कामाला हाय, सून चांगली हाय. अजून कोनी कोनी येतात कागद घेऊन, शाळेचे, सरकारचे. मी त्यांना बसवते, पानी देते, आनि बोलते, लिवा, पन कोन गप बसलंय ते पन लिवा. कोन ऐकतं, कोन नाय.

मागं पालघरला दवाखान्यात जनी भेटली. केस पिकलेत. भट्टी सुटली नाय तिची. मी बोलले, जनी, माजा राग हाय का अजून? ती बोलली, हाय, बाय. मग सरकली आनि बाकावर मला जागा दिली. आमी दोघी नंबर येईपर्यंत बसलो. तिला देव सुकात ठेवो, पारूला पन, आनखी काय मागू.